बाहेरचा विद्यार्थी
(बी. कॉम., तृतीय वर्ष)

पदवीच्या शेवटच्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याला घरीदारी एकच प्रश्न विचारला जातो : "आता पुढे कुठे?" बेळगावच्या विद्यार्थ्याला ह्या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता सोपे वाटावे. सकाळची बस धरली तर दुपारच्या जेवणापूर्वी तो धारवाडला पोहोचतो, कोल्हापूरला पोहोचतो आणि चोर्ला घाट उतरून पणजीलाही पोहोचतो. तिन्ही ठिकाणी सरकारी विद्यापीठे आहेत. आपल्या गावात तर २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहेच. म्हणजे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर तीन राज्यांची चार विद्यापीठे! परंतु प्रवेशाचा अर्ज भरताना 'राज्य' ह्या रकान्यापाशी आलो की ह्या चारांपैकी दोन विद्यापीठांत आपण 'बाहेरचे' ठरतो.

ह्या बाहेरच्या विद्यार्थ्याला सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळण्याची शक्यता किती, ती किती असावी, आणि मुळात त्याला बाहेरचा म्हणायचे ते कशावरून, ह्या तीन प्रश्नांचा विचार येथे करायचा आहे. सीमाप्रश्नावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि जाणकारांनी लिहिले आहे. तो ह्या लेखाचा विषय नव्हे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. नावे आणि जमा ह्या दोन्ही बाजू लिहून काढल्याशिवाय खाते पुरे होत नाही, एवढे मला शिकवले गेले आहे. त्याच पद्धतीने ह्या प्रश्नाचे खाते मांडून पाहतो.

प्रथम 'बाहेरचा' ह्या शब्दाविषयी. हा शब्द निसर्गाने दिलेला नाही, नकाशाने दिलेला आहे, आणि नकाशा बदलतो. बेळगावचे लिंगराज महाविद्यालय १९३३ साली निघाले, राणी पार्वतीदेवी महाविद्यालय १९४५ साली निघाले. त्या काळी ह्या महाविद्यालयांतील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेस बसत. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले आणि इथला विद्यार्थी धारवाडचा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आदल्या दिवशी मुंबई राज्यात घरचा असलेला मुलगा दुसऱ्या दिवशी तेथे परराज्यातला झाला. त्याने गाव सोडले नव्हते, घरही बदलले नव्हते.

हे केवळ आपल्याच वाट्याला आले असे समजण्याचे कारण नाही. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि तिथल्या विद्यार्थ्यांचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. १९५८ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, स्वतंत्र विद्यापीठ निघाले. गोव्यातील महाविद्यालये १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. सांगायचे ते इतकेच की, आज जो बाहेरचा आहे तो एका पिढीमागे घरचा होता, आणि आजचा घरचा उद्या बाहेरचा होऊ शकतो. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार करताना कोणीही 'आम्ही कायमचे आतले' अशा भ्रमात राहू नये.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ह्या कारणांवरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई केली आहे. २९ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात सरकारी किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा ह्यावरून कोणासही प्रवेश नाकारता येणार नाही असे म्हटले आहे. ह्या दोन्ही याद्या नीट वाचल्या तर एक शब्द त्यांत आढळत नाही : 'रहिवास'. जन्म कुठे झाला हे विचारता येत नाही; राहतोस कुठे हे मात्र विचारता येते. सगळी गोम ह्या एका शब्दात आहे.

ह्या गोमेचा पहिला मोठा निवाडा झाला तो इंदूरच्या एका खटल्यात. तिथल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात मध्यभारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती. बाहेरून आलेल्यांना ती भरावी लागे. दिल्लीहून आलेल्या एका विद्यार्थ्याने ह्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९५५ साली न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, जन्मस्थान वेगळे आणि रहिवास वेगळा. रहिवासावरून फीमध्ये फरक करणे घटनाबाह्य नाही. तेव्हापासून राज्याराज्यांच्या प्रवेशनियमांत 'स्थानिक' हा शब्द पक्का बसला.

पुढे १९७१ साली म्हैसूर राज्याच्या एका प्रकरणात न्यायालयाने विद्यापीठवार जागावाटपही मान्य केले. त्या नियमानुसार प्रत्येक विद्यापीठाच्या क्षेत्रातील वैद्यकीय जागा प्रामुख्याने त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी होत्या आणि बाहेरच्यांना २० टक्क्यांपर्यंत जागा देण्याची मुभा होती. म्हणजे एकाच राज्यात राहूनही धारवाडचा विद्यार्थी बंगळूरला जवळजवळ बाहेरचाच! परंतु ह्या गोष्टीलाही सीमा असली पाहिजे हे न्यायालयाच्या हळूहळू लक्षात आले. १९८० साली दिल्ली विद्यापीठाच्या पदव्युत्तर वैद्यकीय जागांचे प्रकरण पुढे आले; तेथे ७० टक्के जागा घरच्या पदवीधरांसाठी राखल्या होत्या. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवती ह्यांनी स्पष्ट सांगितले की, भारताच्या नागरिकाचा अधिवास एकच आणि तो म्हणजे भारत; सगळ्याच्या सगळ्या जागा रहिवाशांसाठी राखणे घटनेला धरून नाही. त्यातूनच पुढे एम. बी. बी. एस. च्या १५ टक्के आणि पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २५ टक्के जागा अखिल भारतीय पातळीवर भरल्या जाऊ लागल्या. २००३ साली पदव्युत्तर वाटा ५० टक्क्यांवर गेला. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांवर रहिवासाच्या नावाने कोणतेही आरक्षण ठेवता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्याच संस्थेत पदवी घेतलेल्यांना काही प्रमाणात पसंती देता येईल, पण केवळ त्या राज्याचा रहिवासी म्हणून नव्हे.

इतका इतिहास सांगण्याचे कारण असे की, ह्या सत्तर वर्षांत एक सूत्र तयार झालेले दिसते. शिक्षणाची पायरी जितकी वरची, तितका रहिवासाचा हक्क कमी आणि गुणवत्तेचा हक्क जास्त. पहिल्या पायरीवर गावच्या मुलाला गावच्या शाळेत जागा मिळालीच पाहिजे. शेवटच्या पायरीवर मात्र कोण कुठून आला हे विचारण्यात अर्थ नाही. हे सूत्र वैद्यकीय शिक्षणात न्यायालयाने घालून दिले. ज्या शिक्षणावर सरकारचा सर्वांत मोठा खर्च होतो तिथे जर ते चालते, तर एम. कॉम. च्या वर्गात का चालू नये? एम. कॉम. च्या वर्गाला ना प्रयोगशाळा लागते ना रुग्णालय. तरीही अनेक विद्यापीठांच्या पदव्युत्तर विभागांत बहुतांश जागा स्वतःच्या पदवीधरांसाठी ठेवून उरलेल्या थोड्या इतरांना देण्याची रीत आहे, आणि त्याविरुद्ध कोणी न्यायालयात गेल्याचे सहसा ऐकू येत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तेवढा वेळ नसतो आणि त्याच्या वडिलांना तेवढा पैसा नसतो.

आता दुसरी बाजू. स्थानिकांना प्राधान्य देणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. पहिला मुद्दा पैशाचा. राज्याचे विद्यापीठ राज्याच्या तिजोरीतून चालते आणि तिजोरी त्या राज्यातील लोक भरतात. दुसरा मुद्दा मागासलेपणाचा. ज्या भागात शाळा उशिरा आल्या, त्या भागातील मुलांना सगळ्या देशाशी उघड्या शर्यतीत उभे केले तर ती मागेच राहणार. म्हणूनच १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तेव्हाच्या आंध्र प्रदेशात त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी ८५ टक्के जागा राखल्या गेल्या. म्हणूनच ३७१ (जे) ह्या अनुच्छेदान्वये कलबुर्गी, बिदर, रायचूर ह्या बाजूच्या जिल्ह्यांतील शिक्षणसंस्थांत २०१३ पासून ७० टक्के जागा तिथल्या विद्यार्थ्यांना मिळतात. महाराष्ट्रातही वैद्यकीय प्रवेशासाठी विभागवार ७०:३० चे सूत्र होते. ते २०२० साली रद्द झाले, कारण मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना त्याचा जाच होऊ लागला होता.

पैशाच्या मुद्द्यावर वाणिज्याच्या विद्यार्थ्याने थोडे बोललेच पाहिजे. सरकारी विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाकडूनही मदत मिळते आणि तो पैसा सगळ्या देशाचा असतो. शिवाय २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर हा जिथे माल खपतो त्या राज्याला मिळतो. बेळगावच्या माणसाने कोल्हापुरात जाऊन चप्पल विकत घेतली तर त्यावरील राज्याचा वाटा महाराष्ट्राच्या तिजोरीत पडतो. चंदगडच्या माणसाने बेळगावात लग्नाचा बस्ता बांधला तर तो वाटा कर्नाटकाला जातो. बाजाराच्या दिवशी कोणीही कोणास रहिवासाचा दाखला विचारत नाही! मी असे म्हणत नाही की एका चपलेच्या करावर पदवी मागावी. इतकेच म्हणतो की, सीमेवरच्या जिल्ह्यांत 'कोणाचा पैसा' हा हिशेब समजतो तितका सरळ नाही.

मागासलेपणाचा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. परंतु तो मान्य केला तर त्याचा निष्कर्ष राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतील मुलगी आणि चंदगड तालुक्याच्या जंगलपट्टीतील मुलगी ह्यांच्या अडचणी सारख्याच आहेत. पाऊस सारखा, बसची वाट पाहणे सारखे. मग एकीला कोल्हापुरात घरचे मानायचे आणि दुसरीला बाहेरचे, ह्यात मागासलेपणाचा विचार कुठे राहिला? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने अनेक वर्षे मागास जिल्ह्यांतून येणाऱ्या उमेदवारांना वाढीव गुण देण्याची पद्धत चालवली. तिथे राज्य विचारले जात नसे, जिल्हा पाहिला जाई. मागासलेपण मोजायचेच असेल तर ते असे मोजता येते.

आता शक्यतेचा प्रश्न. "बाहेरच्यांसाठी फक्त दहा टक्के जागा आहेत, आपल्याला कुठले मिळणार!" असे म्हणून अर्जच न करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. ह्यात गणिताची चूक आहे. समजा एका विभागात ६० जागा आहेत. ५४ घरच्यांच्या आणि ६ बाहेरच्यांच्या. घरचे अर्ज २१६ आले आणि बाहेरचे १२० आले. घरच्या चौघांमागे एकाला जागा मिळाली, बाहेरच्या वीस जणांमागे एकाला. ही झाली एक गोष्ट. पण बाहेरचे अर्ज जर १२ च आले असतील तर? मग बाहेरच्या दोघांमागे एकाला जागा, म्हणजे घरच्यांपेक्षा दुप्पट संधी! जागांची टक्केवारी तीच, संधी मात्र दहापट बदलली. तात्पर्य, टक्केवारीवरून शक्यता कळत नाही. अर्ज किती आले आणि गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, हे कळले तरच ती कळते.

हे आकडे कुठे मिळतात? अभियांत्रिकीच्या मुलांना मिळतात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत निम्म्या जागा त्या राज्याच्या आणि निम्म्या इतर राज्यांच्या असतात, आणि दोन्हींचे पहिले व शेवटचे क्रमांक प्रत्येक फेरीनंतर जाहीर होतात. कर्नाटकाचे परीक्षा प्राधिकरण आणि महाराष्ट्राचा सीईटी कक्षही शेवटचे क्रमांक प्रसिद्ध करतात. पण एम. कॉम., एम. ए. सारख्या सामान्य अभ्यासक्रमांच्या बाबतीत असे तक्ते सहसा हाती लागत नाहीत. विद्यार्थी अंदाजाने अर्ज करतो किंवा अंदाजाने करीत नाही. ज्याचा मामा त्या गावी राहतो त्याला आतली बातमी कळते. बाकीच्यांना कळत नाही. हा अन्याय कोणत्याही नियमात लिहिलेला नाही, पण तो रोज घडतो.

राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे 'तुझे राज्य कोणते' हे वडिलांच्या जन्मगावावरून किंवा रहिवासाच्या दाखल्यावरून ठरत नाही. बारावी जिथून उत्तीर्ण झालास ते तुझे राज्य. ह्या नियमाने बेळगावात पीयूसी झालेला विद्यार्थी, त्याची भाषा मराठी असो, कन्नड असो की उर्दू, सुरतकलला घरचा असतो. त्यातली गंमत अशी की, सव्वाशे किलोमीटरवरच्या गोव्यात तो बाहेरचा आणि तिप्पट दूरच्या सुरतकलला घरचा. चंदगडचा विद्यार्थी तर थेट नागपूरला घरचा! नियम साधा आणि स्वच्छ आहे, खोटे दाखले काढायला त्यात वाव नाही. पण सीमेवरच्या विद्यार्थ्याला जवळचे दूर आणि दूरचे जवळ करणारा आहे.

सीमाभागासाठी दोन्ही राज्यांनी काही सवलती ठेवलेल्या आहेत, ह्याचा उल्लेख केला नाही तर खाते अपुरे राहील. महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्राचाच उमेदवार मानण्याची तरतूद आहे. अभियांत्रिकीत तिला 'ई' प्रकार म्हणतात. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी एका गावचा रहिवासी असल्याचा दाखला त्यासाठी लागतो. वैद्यकीय प्रवेशातही सीमाभागासाठी काही जागा असतात. तिकडे कर्नाटकाच्या सीईटीच्या नियमांत 'गडिनाडु कन्नडिग' म्हणजे सीमेपलीकडच्या कन्नड भाषकासाठी अशीच तरतूद आहे. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज ह्या तालुक्यांतील कन्नड मातृभाषेच्या विद्यार्थ्याला तिचा लाभ मिळतो. दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचले की एकाच पुस्तकाची दोन भाषांतरे वाटतात. जे इकडच्या सरकारला तिकडच्या आपल्या माणसांविषयी वाटते, तेच तिकडच्या सरकारला इकडच्या आपल्या माणसांविषयी वाटते.

ह्या सवलतींचा मला अनादर नाही. त्यांच्यामुळे कित्येक घरांत पहिला अभियंता झाला असेल. पण आपल्याच वर्गातील बाकावर बसलेल्या दोघांचा विचार करा. दोघेही बेळगावचे, दोघांचे गुण सारखे. एकाची मातृभाषा मराठी, दुसऱ्याची कन्नड. पहिल्याला कोल्हापूरच्या सरकारी अभियांत्रिकी जागेसाठी घरचा मानतात, दुसऱ्याला नाही. जतच्या एका बाकावर हीच गोष्ट उलट घडते. घटनेने प्रवेश नाकारताना भाषा पाहू नये असे सांगितले. आपण प्रवेश देताना भाषा पाहतो. मी मराठी माध्यमात शिकलो, कन्नड शाळेत शिकलो आणि बाजारात पक्की केली. ज्या मित्राने मला हिशेबाची कन्नड पारिभाषा समजावून दिली, त्याला माझ्याबरोबर एकाच रांगेत उभे राहता येऊ नये, हे मला पटत नाही.

शिवाय ह्या सवलती व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरत्या आहेत. आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना डॉक्टर-इंजिनिअर व्हायचे नसते. त्यांना एम. कॉम., एम. ए., एम. एस्सी., बी. एड. करायचे असते. त्यांच्या वाटेत अडते ते आरक्षण नव्हे, कागद अडतात. दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर आधीच्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते आणि नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र लागते. आमच्या वर्गातील एका मित्राच्या बहिणीचे नाव दोन वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यातील एका विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत चांगले वर लागले होते. तिच्या शेवटच्या सत्राचा निकाल उशिरा लागला, स्थलांतर प्रमाणपत्र त्याहून उशिरा आले, आणि जागा यादीतील पुढच्या नावाला गेली. कोणी तिला बाहेरची म्हणून हाकलले नाही. दोन कार्यालयांची दोन वेळापत्रके जुळली नाहीत, एवढेच झाले. आणि तिचे एक वर्ष गेले.

ह्यात आता अभ्यासक्रमाच्या वर्षांची भर पडली आहे. कर्नाटकाने २०२१-२२ पासून नव्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे चार वर्षांच्या पदवीची व्यवस्था आणली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी सुरू केली. महाराष्ट्रात चार वर्षांच्या पदवीची व्यवस्था पुढे चालू झाली. चार वर्षे शिकलेल्याला पदव्युत्तर पदवी एका वर्षात, तीन वर्षे शिकलेल्याला दोन वर्षांत. सीमेच्या अलीकडे-पलीकडे श्रेयांकांचा मेळ कसा बसवायचा, हे विद्यार्थ्याने एकट्याने कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून सोडवायचे कोडे नव्हे.

काही जण म्हणतील, इतकी यातायात हवी कशाला? केंद्रीय विद्यापीठात जावे, तिथे राज्य विचारत नाहीत. खरे आहे. २०२१ साली दिल्लीच्या श्रीराम वाणिज्य महाविद्यालयात बी. कॉम. ऑनर्सची पहिली यादी शंभर टक्के गुणांवर लागली होती. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका तराजूत घातल्याचा तो परिणाम. २०२२ पासून तिथे सामाईक परीक्षेवरून प्रवेश होतात आणि ती परीक्षा मराठी व कन्नडसह तेरा भाषांत देता येते. आपल्या मुलांनी ही परीक्षा अवश्य द्यावी. कलबुर्गीजवळ कडगंची येथे २००९ साली निघालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ तर फार दूरही नाही. चार्टर्ड अकाउंटन्टच्या परीक्षेतही कोणी राज्य विचारीत नाही. मात्र ती इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागते. परंतु दिल्लीला राहण्या-जेवण्याचा खर्च किती घरांना झेपेल? मुलीला एवढ्या दूर पाठवायला किती घरे तयार होतील? ज्या विद्यार्थ्याला रोज बसने जाऊन येता येईल किंवा आठवड्याला घरचा डबा पोहोचेल, असे विद्यापीठ शंभर किलोमीटरवर असताना त्याला दीड-दोन हजार किलोमीटरवरचे विद्यापीठ दाखवणे हे उत्तर होऊ शकत नाही.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत.

पहिली : सामान्य पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी कोल्हापूर, बेळगाव, धारवाड आणि गोवा ह्या विद्यापीठांनी आपापसांत करार करून शेजारच्या जिल्ह्यांतील पदवीधराला घरचा मानावे, मातृभाषा न विचारता मानावे. बेळगावचा कन्नड विद्यार्थी कोल्हापूरला जावो, चंदगडचा मराठी विद्यार्थी बेळगावला येवो. येणारे आणि जाणारे दोन्हीकडे असल्यामुळे कोणाचेच खाते फार नावे पडणार नाही.

दुसरी : घरचे किती अर्ज, बाहेरचे किती अर्ज आणि शेवटचा प्रवेश किती गुणांवर, हा तीन रकान्यांचा तक्ता प्रत्येक विभागाने दरवर्षी लावावा. ह्याला एक पैसा खर्च नाही.

तिसरी : गुणवत्ता यादीत नाव लागलेल्या विद्यार्थ्याला स्थलांतर प्रमाणपत्रासाठी पुरेशी मुदत द्यावी. तोवर प्रवेश तात्पुरता धरावा, पण जागा काढून घेऊ नये.

पहिल्या सूचनेवर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो आपल्याच माणसांकडून येईल. ते म्हणतील, असा करार म्हणजे आजची सीमा मान्य केल्यासारखे होईल; २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात जो दावा लावला त्याला बाधा येईल. पलीकडचे म्हणतील, अशाने बाहेरच्यांच्या हक्काला खतपाणी मिळेल. २०२२ च्या डिसेंबरात दोन्ही विधिमंडळांनी एका आठवड्यात एकमेकांविरुद्ध ठराव केले, तेव्हा ही मने किती ताणलेली आहेत हे सर्वांनी पाहिले. वडीलधाऱ्यांच्या भावनेचा पूर्ण आदर राखून मला एवढेच विचारावेसे वाटते : प्रवेशाचा नियम हा वर्षावर्षाचा असतो, त्याने नकाशा ठरत नाही आणि पुसलाही जात नाही. बेळगावचा रुग्ण मिरजेला जातो आणि चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो, तेव्हा कोणाचा दावा दुबळा होतो काय? मग विद्यार्थ्यानेच काय घोडे मारले आहे? न्यायालयातील दावा वीस वर्षे थांबू शकतो. विद्यार्थ्याचे विसावे वर्ष थांबत नाही.

शेवटी आपल्या स्वतःविषयी. सगळा दोष नियमांवर टाकून मोकळे होण्याची सवय आपण सोडली पाहिजे. विद्यार्थीमित्रहो, 'ई' प्रकार म्हणजे काय, स्थलांतर प्रमाणपत्र कुठल्या खिडकीवर मिळते, सामाईक परीक्षेचा अर्ज कोणत्या महिन्यात निघतो, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? आपल्या महाविद्यालयाच्या मराठी आणि कन्नड वाङ्मयमंडळांनी एकत्र येऊन ग्रंथालयात एक टेबल मांडावे, आणि जानेवारीपासून आठवड्यातून एक दिवस तिथे ही माहिती दोन्ही भाषांत द्यावी. गेल्या वर्षी बाहेर प्रवेश मिळालेल्या माजी विद्यार्थ्यांचे गुण, तारखा, लागलेली कागदपत्रे आणि आलेला खर्च एका वहीत उतरून ठेवावा. विद्यापीठे तक्ते लावतील तेव्हा लावतील. आपला तक्ता आपल्याला आजच सुरू करता येईल. गुरुजनांनी ह्या कामी मार्गदर्शन करावे, अशी त्यांना नम्र विनंती आहे. पहिल्या वहीचे पहिले पान आखून द्यायला मी तयार आहे.